रविवारी सकाळी दहाला पुरुषोत्तम येतो

जुने सिनेमे पाहणाऱ्यांच्या घरात किस्से कसे साचतात, ते मला आता कळलं आहे. आपण त्यांना बोलावत नाही. सिनेमा अडीच तासांत संपतो, टीव्ही बंद होतो, आणि त्या अडीच तासांत बाजूला जे घडलं ते मात्र घरातच मुक्काम ठोकतं. मग पाहुणे आले की अलका, म्हणजे माझी बायको, हळूच म्हणते, "तो पोलिसवाला सांगा ना." एकातून दुसरा निघतो, चहा दोनदा होतो. परवा असंच झालं आणि निघताना पाहुणे म्हणाले, "लिहून ठेवा हो हे कुठंतरी." म्हणून बसलो आहे.

आधी माणसं सांगतो. मी सुधीर. धंतोलीत एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सव्वीस वर्षं झाली, सकाळी सातपासून लोकांचं रक्त काढतो. माझा मित्र पुरुषोत्तम हा मूळचा पारशिवनीचा, शेतकऱ्याच्या घरचा. कोराडीला वीज केंद्रात नोकरीला आहे आणि तिथल्याच कॉलनीत राहतो. ड्युटी नसली तर दर रविवारी सकाळी दहा वाजता तो बसने नागपुरात माझ्याकडे येतो. आम्ही एक जुना सिनेमा लावतो. मोबाइल स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर ठेवायचे, मध्ये उठायचं नाही, आणि भांडण सिनेमा संपल्यावर करायचं, हे तीन नियम. पहिले दोन आम्ही पाळतो.

*

आमची ओळख रक्तावरून झाली.

लॅबच्या बाहेर पेशंट बसतात तिथे भिंतीवर एक टीव्ही आहे. आवाज बंद असतो. त्या दिवशी त्यावर एक जुना कोर्टाचा सिनेमा सुरू होता. खाली खुर्चीवर एक तगडा माणूस बसला होता, शेजारी त्याचे म्हातारे वडील. आवाज नसलेल्या सिनेमाचे संवाद हा माणूस वडिलांच्या कानात म्हणून दाखवत होता. वकिलाचे वेगळ्या आवाजात, आरोपीचे वेगळ्या.

मी पुढचा नंबर पुकारायला बाहेर आलो, तेव्हा तो आरोपीचा आवाज काढून म्हणत होता, "वकीलसाहब, छुरी मेरे हाथ में थी, दिल में नहीं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दिल में नाही. दिमाग में."

त्याने वर पाहिलं. "काय म्हणता? मी चौदा वेळा पाह्यला आहे हा पिक्चर."

"मी मोजलेला नाही. पण 'दिमाग में' आहे."

"दिमाग म्हटलं तर सारं रडणंच निघून जाते गा त्यातलं. तो दिलच म्हणन ना!"

मी त्याला समजावलं की आरोपी हुशार दाखवला आहे, रडका नाही. तो म्हणाला की तुम्ही आरोपीला ओळखतच नाही. आजूबाजूचे पेशंट आमच्याकडे पाहू लागले. दोन जणांनी त्याची बाजू घेतली, एका बाईंनी माझी. शेवटी त्याचे वडील काठी टेकत उठले आणि माझ्यासमोर येऊन बाही वर केली.

"साहेब, मी रातपासून उपाशी आहो. माहं रक्त घेऊन घ्या, मंग भांडा."

त्याच रविवारी पुरुषोत्तम पहिल्यांदा माझ्या घरी आला. सिनेमा शोधून लावला. आरोपी उभा राहिला, वकिलाकडे वळला आणि म्हणाला, "छुरी मेरे हाथ में थी, आँख में नहीं."

 अलकाने विचारलं, "पोहे टाकू का?"

*

पुरुषोत्तमला सिनेमाची गोष्ट पाठ असते, कपडे आठवतात, कोणत्या खोलीत कोणत्या रंगाचे पडदे होते ते आठवतं. नाव आठवत नाही. एकाही सिनेमाचं नाही. त्यामुळे आमच्याकडे सिनेमांना नावं पडली ती अशी: चिठ्ठीवाला, दोन भावांचा, विहिरीत ढकलणारा, विष देणारा. सवयीने मीही तसंच म्हणायला लागलो.

एका रविवारी तो कोराडीहून बसमध्ये बसला आणि मला फोन लावला. बस भरलेली. इंजिनाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून तो मोठ्याने बोलत होता.

"सुधीर, आज विहिरीत ढकलणारा नको करू. अलका वहिनी घरी आहे, त्याईले ते ऐकवत नाही."

मी म्हटलं, मग काय करायचं?

"विष देणारा करू. शांतीत होते. दोन तासांत सारं आटपून जाते. जेवणाच्या आधी मोकळे होऊ."

शेजारची बाई उठून पुढे गेली. थोड्या वेळाने कंडक्टर आला आणि पुरुषोत्तमला म्हणाला, "भाऊ, तुम्ही समोर या, समोर जागा आहे." याला वाटलं, वयाचा मान ठेवून राहिला. समोरच्या सीटवर एक पोलीस हवालदार बसला होता. त्याच्या शेजारी याला बसवलं. कंडक्टरने हवालदाराच्या कानात काहीतरी सांगितलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला.

हवालदाराने याला खालून वर पाहिलं. "कोणाले विष देऊन राहिले तुम्ही?"

पुरुषोत्तमला सगळा प्रकार तेव्हा कळला. त्याने घाईघाईने सांगितलं, साहेब, पिक्चर आहे, जुना. एका मोठ्या बंगल्यात सारे पाहुणे जमतात, पाऊस असतो, एकेक जण सरबत पिऊन मरते. मागं अर्ध्यातच लाइट गेली, शेवट अजून पाह्यला नाही, आज पाहणार आहो.

हवालदार बराच वेळ विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला.

"अच्छा, तो? ज्यात शेवटी डॉक्टरच खुनी निघते?"

बस कस्तुरचंद पार्कपाशी पोचली तेव्हा मला पुन्हा फोन आला.

"विष देणारा रद्द कर," पुरुषोत्तम म्हणाला. "पोलिसानं सांगून टाकला."

*

अलका आमच्यासोबत कधीच बसत नाही. ती शेजारच्या खोलीत पालेभाजी निवडते, कपड्यांच्या घड्या करते. रविवारचे सगळे सिनेमे तिने फक्त ऐकले आहेत.

एकदा आम्ही एका सिनेमातल्या जज्जाची तारीफ करत होतो. पांढरी दाढी, चष्मा, काय काम केलं आहे माणसाने. आतून आवाज आला, "मागच्या महिन्यातला तो बंगलेवाला सावकार. तोच आहे हा."

मी म्हटलं, "अगं, तो सावकार टकला होता. काळा कुळकुळीत, पन्नाशीचा. हा सत्तरीचा आहे."

"तोच आहे."

पुरुषोत्तमने अतिशय आदराने तिला समजावलं की वहिनी, सावकाराचं काम करणारा माणूस वेगळा होता, मले चांगला आठवते, त्याच्या कानावर तीळ होता. अलका बाहेर आली नाही. तिने फक्त एवढंच सांगितलं की शेवटची नावं वाचा.

आम्ही शेवटपर्यंत थांबलो. नावं अगदी बारीक होती, पुरुषोत्तम टीव्हीला नाक लावून उभा राहिला. मग मागच्या महिन्याचा सिनेमा लावून त्याचीही नावं वाचली. एकच नाव. दोन्हीकडे.

पुरुषोत्तम आतल्या दारापाशी जाऊन उभा राहिला. "कसं ओळखलं वं वहिनी?"

"तुम्ही दोघं दाढी बघता," ती मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाली. "मी गळा ऐकते."

त्या दिवसापासून दाराजवळ तिच्यासाठी एक खुर्ची असते. ती अजूनही तिच्यावर बसत नाही. पण वाद झाला की आम्ही दोघंही त्या दाराकडे पाहतो.

*

एक भुताचा सिनेमा होता. आमच्या लहानपणी आला आणि आठवड्यात उतरला. फारसा कोणी पाहिला नाही. पण गंमत बघा, आता इतक्या वर्षांनी कॉलेजच्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. तो इतका वाईट आहे म्हणूनच त्यांना तो आवडतो. मॉलमधल्या थिएटरला रविवारी दुपारी त्याचा खास शो ठेवला होता. मी तिकिटं काढली.

हॉल गच्च भरलेला. पोरं-पोरी पांढऱ्या चादरी पांघरून आलेली. पन्नाशीच्या वरचे आम्ही दोघंच. एका मुलाने उठून आम्हाला विचारलं, "अंकल, बरोबर स्क्रीनला आलात ना?" पुरुषोत्तम म्हणाला, "तू जन्मायच्या आधीपासून याच स्क्रीनले येऊन राहिलो."

सिनेमा सुरू झाला. दर वाक्याला हशा, शिट्ट्या. मग तो प्रसिद्ध सीन आला. तळ्याकाठून भूत चालत येतं, साडी पांढरी, केस मोकळे, आणि कॅमेरा खाली येतो तर पाय उलटे! पोरांनी ठरल्याप्रमाणे किंकाळ्या फोडल्या.

पुरुषोत्तम माझ्या कानाशी वाकला. "सुधीर, ते पाय उलटे नाही. तिनं स्लीपर उलट्या घातल्या."

"काय?"

"निळ्या पट्ट्याच्या स्लीपर आहेत. टाचेकडचा भाग समोर केला आणि पट्टा मागून टाचेत कसा तरी अडकवला. बोटांवरून साडी सोडली. पट्टा पाह्य ना."

पुढच्या रांगेतल्या मुलीने हे ऐकलं. तिने मागे वळून पाहिलं, मग शेजारणीला सांगितलं. मध्यंतरात मी पाहिलं, पॉपकॉर्नच्या रांगेत ही बातमी सरकत होती. काही जण येऊन पुरुषोत्तमकडे नुसतं बघून गेले.

मध्यंतरानंतर भूत पुन्हा आलं. या वेळी एकही पोरगा किंचाळला नाही. तीनशे माणसं श्वास धरून भुताच्या पायांकडे पाहत होती. साडी वाऱ्याने जरा उडाली आणि निळा पट्टा दिसला, उलटा, अगदी स्पष्ट. सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या मुलीने पुरुषोत्तमचा हात धरून वर उचलला, बॉक्सिंग जिंकल्यावर उचलतात तसा. त्याने आधी लाजून हात खाली ओढला आणि मग स्वतःच पुन्हा वर केला.

बाहेर पडताना पोरांनी त्याला घेरलं. "काका, तुम्ही हा पिक्चर किती वेळा पाहिला?"

"दोनदाच," पुरुषोत्तम म्हणाला. "पह्यल्यांदा पारशिवनीले पाह्यला होता. पण तेव्हा डोळे मिटून पाह्यला."

*

डोळ्यांवरून आठवलं. पुरुषोत्तमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू. डॉक्टरांनी सांगितलं, पट्टी आहे तोवर टीव्ही, मोबाइल काही नाही.

रविवारी मी त्याला बघायला कोराडीला गेलो. त्याच्या बायकोने, नंदा वहिनींनी, दार उघडलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आले. सकाळपासून दहा वाजले का, दहा वाजले का, एवढंच विचारून राहिले."

तो काळा चष्मा लावून पलंगावर बसला होता. म्हणाला, "डॉक्टरनं पाहू नको म्हटलं. ऐकू नको कुठी म्हटलं? तू लॅपटॉप लाव. मी पाठ करून बसतो. तू सांगत जा."

चिठ्ठीवाला लावला. तो भिंतीकडे तोंड करून बसला. मी सांगायला लागलो.

"नायक खोलीत येतो. खिडकीपाशी जातो."

"नाही जात," भिंतीकडून आवाज आला. "पहिले टोपी काढते."

मी पाहिलं. टोपी काढली होती.

"आता तो चिठ्ठी टेबलावर ठेवतो."

"टेबलावर नाही. पुस्तकात. लाल पुट्ठ्याच्या."

पुस्तकातच ठेवली. सिनेमा काळा-पांढरा होता, तेव्हा पुठ्ठा लाल की हिरवा ते मला कळलं नाही. मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "लालच असन. ते पुस्तक तिनं देल्लं होतं ना त्याले."

तेवढ्यात तब्येतीची चौकशी करायला शेजारचे कोणी कोणी येत गेले. येणारा थोडा वेळ लॅपटॉपकडे पाही आणि मग खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलेल्या पुरुषोत्तमकडे पाहत बसे. अर्ध्या तासाने खोलीत सात माणसं होती. लॅपटॉपकडे मी एकटाच पाहत होतो, आणि चुकत होतो.

शेवटच्या सीनला सगळे रडले. पुरुषोत्तम रडायला लागला तशा नंदा वहिनी धावत आल्या. "अहो, डोळ्यातून पाणी काढायचं नाही म्हटलं ना डॉक्टरनं!" मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "डोळ्याले आराम सांगितला होता. तोंडाले सांगायचं राहूनच गेलं."

*

हा जरा वेगळा आहे.

पुरुषोत्तमचा मोठा भाऊ ज्ञानेश्वर पारशिवनीला शेती पाहतो. वडील त्याच्याकडे असतात. दोघा भावांच्या शेतांमध्ये एक धुरा आहे, म्हणजे बांध. तो कोणी कोणाकडे सरकवला यावरून दोघांचं बोलणं चार वर्षं बंद होतं. पुरुषोत्तम वडिलांना भेटायला जाई तो भाऊ शेतात गेलेला असताना. हे मला ठाऊक होतं, पण मी कधी विषय काढला नव्हता.

एका रविवारी आम्ही दोन भावांचा लावला. त्यात दोन भाऊ घर वाटून घेतात, अंगणात भिंत घालतात, आणि आई भिंतीच्या कोणत्या बाजूला राहायचं ते न ठरवता मरून जाते. सिनेमा संपल्यावर मी सहज म्हटलं, "चूक दोघांचीही आहे."

पुरुषोत्तम म्हणाला, "धाकट्याची काय चूक आहे?"

"हट्ट त्याचाही आहे."

तो उठला. तांदळाच्या डब्यावरचा मोबाइल घेतला, चपला घातल्या आणि गेला. पोह्यांची बशी तशीच राहिली. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अलका दहा वाजले की दाराकडे पाही. मी एकट्याने एक सिनेमा लावून पाहिला. वीस मिनिटांत बंद केला.

चौथ्या रविवारी सकाळी फोन आला. "पारशिवनीले ये. लॅपटॉप टीव्हीले जोडायचा वायर घेऊन ये."

मी गेलो. घर त्याने सांगितलं होतं ते ज्ञानेश्वरचं होतं. आत तख्तावर मध्ये वडील, एका टोकाला ज्ञानेश्वर, दुसऱ्या टोकाला पुरुषोत्तम. वडिलांनीच दोघांना बसवलं होतं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मी वायर जोडली आणि दोन भावांचा लावला.

अडीच तास तिघांपैकी कोणी उठलं नाही. अंगणात भिंत चढायला लागली तेव्हा ज्ञानेश्वरने खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेतला. सिनेमा संपला. ज्ञानेश्वर डोळे पुसत म्हणाला, "धाकटा भाऊ असाच असते. नुसता हट."

"हट मोठ्याचा आहे," पुरुषोत्तम म्हणाला.

"मोठ्याचा? त्यानं तर सारं आयुष्य काढलं धाकट्यासाठी."

"तुले तसं वाटते, कारण तू सोताले पाहून राहिला त्यात."

"अन् तू कोणाले पाहून राहिला?"

दोघंही उभे राहिले. मी वायर काढायला लागलो, निघण्याची तयारी म्हणून. तेव्हा मधून वडील बोलले. आवाज अगदी बारीक झालेला त्यांचा.

"मले तर त्या पिक्चरमधला बैल पसंत पडला," ते म्हणाले. "त्याले अंगणातली भीत समजत नाही. इकडचाही कडबा खाते, तिकडचाही खाते. साऱ्याईत तोच खाऊन-पिऊन सुखी होता."

 मग ज्ञानेश्वरला हसू फुटलं, दुपट्ट्यातूनच. पुरुषोत्तमने आवरायचा प्रयत्न केला, पण त्यालाही आवरलं नाही. म्हाताऱ्याने दोघांच्या हसण्याकडे पाहिलं आणि सुनेला हाक मारली की ताटं तख्तावरच आण, चारही.

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ बरोबर शेतात गेले. मोजायची दोरी घरीच ठेवून.

*

आता शेवटचा.

नदीवाला नावाचा आमचा एक सिनेमा आहे. खेड्यातल्या एका बाईची गोष्ट. जाणकार लोक त्याला फार मानतात. त्यात एक जागा आहे: नायिका घागर डोक्यावर घेऊन नदीवरून येते, मागून गावातल्या चार-पाच बाया येतात, आणि त्यातली एक चालता चालता सरळ कॅमेऱ्याकडे पाहते. फार तर चार सेकंद. मग निघून जाते. पुन्हा सिनेमात दिसत नाही.

शहरातल्या एका सिनेमंडळात एका प्राध्यापकांचं या सिनेमावर भाषण होतं. आम्ही गेलो. प्राध्यापक चांगलं बोलले, अभ्यास होता. त्या चार सेकंदांवरच ते वीस मिनिटं बोलले. म्हणाले, ही नजर म्हणजे दिग्दर्शकाने प्रेक्षकाला विचारलेला प्रश्न आहे. ती बाई आपल्याला जाब विचारते आहे. दुसऱ्या एका गृहस्थांचं म्हणणं पडलं की तसं काही नाही, ती चूक आहे, कापायची राहिली.

पुरुषोत्तमने हात वर केला. "सर, ती बाई कोण होती?"

प्राध्यापक म्हणाले, "ते काही नोंदलेलं नाही. गावातलीच कोणी असेल."

"तिले कोणी विचारलं नाही?"

लोक हसले. प्राध्यापक हसले नाहीत. म्हणाले, "नाही. कोणी विचारलं नाही."

घरी येऊन पुरुषोत्तमने तो सीन पुन्हा लावला आणि थांबवला. बायांच्या मागे नदीचं वळण दिसत होतं, वळणावर टेकडी, टेकडीवर दोन झाडं आणि एक छोटं देऊळ. तो बराच वेळ पाहत राहिला.

"सुधीर, हे आमच्याकडचं आहे गा."

पुढचे तीन रविवार आम्ही घरी सिनेमा लावला नाही. पारशिवनीच्या आसपासची गावं पालथी घातली. मोबाइलवर तो थांबवलेला फोटो, आणि पुरुषोत्तम भेटेल त्या म्हाताऱ्याला दाखवत होता. पहिल्या रविवारी देऊळ सापडलं. दुसऱ्या रविवारी एक आजोबा म्हणाले, हो, शूटिंगवाले आले होते, आम्ही झाडावर चढून पाह्यलं. तिसऱ्या रविवारी एका गावात दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या माणसाने फोटो जवळ घेतला, लांब धरला आणि म्हणाला, "हे तर आमची सखूमावशी."

सखूआजी अंगणात तूर पाखडत होत्या. पंच्याहत्तरीच्या पुढे, पाठीत वाकलेल्या, नजर तीक्ष्ण. सोबत त्यांची मुलगी होती, विमल, तीही पन्नाशी ओलांडलेली. आजींना शूटिंग नीट आठवत होतं. सात वेळा नदीवरून चालायला लावलं होतं. सिनेमा मात्र त्यांनी पाहिला नव्हता. कुठे लागला, कधी लागला, कोणी सांगितलंच नाही.

"आता पाहता का आजी?" पुरुषोत्तमने विचारलं.

"आता?" त्यांनी सुपातल्या तुरीकडे पाहिलं. "होऊ द्या."

लॅपटॉप आत खाटेवर ठेवला. गावातल्या बाया दारात जमल्या. सिनेमा सुरू झाला, आणि चाळिसाव्या मिनिटाला नदी आली. नायिका आली, मागून बाया आल्या, आणि एका पोरसवदा बाईने घागर सावरत सरळ आमच्याकडे पाहिलं. मग ती निघून गेली.

 दारातून कोणी तरी म्हणालं, "मावशी, किती बारीक होती वं तू."

पुरुषोत्तमने सिनेमा थांबवला. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पण इतक्या हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. "आजी, तुम्ही तिकडे काहून पाह्यलं? साऱ्या बाया समोर पाहून राहिल्या होत्या."

"त्याईनं सांगितलं होतं ना, इकडे पाहू नका म्हणून," आजी म्हणाल्या. "सहा वेळा नाही पाह्यलं. पण सातव्या वेळी माही इमली रडली. तिले त्या मशीनच्या मांगं झाडाखाली बसवून ठेवलं होतं. चालायला लागली नव्हती तेव्हा. कोणी उचललं का नाही, ते पाह्यलं मी."

विमल, आजींची इमली, चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवले. पदराला हात पुसले, पुढे आली आणि लॅपटॉपच्या अगदी समोर जमिनीवर बसली.

"मांगं करा ना जरा," ती म्हणाली.

पुरुषोत्तमने मागे केलं. नदी आली, बाया आल्या, आई चालत आली आणि तिने पाहिलं.

"अजून एक वेळा."

किती वेळा लावलं ते आम्ही मोजलं नाही.  शेवटी आजींनीच विमलच्या खांद्यावर हात ठेवला. "आता होऊ दे समोर. त्या बाईचं काय झालं ते पाहू दे मले."

मग पूर्ण सिनेमा पाहिला त्यांनी. एकदाही उठल्या नाहीत, चहा तसाच निवला. नायिकेचं लग्न मोडलं तेव्हा चुकचुकल्या, सासऱ्याला दोन शिव्या दिल्या, आणि शेवटी नायिका घागर घेऊन एकटी नदीकडे जाते तिथे डोळे बारीक करून खूप निरखून पाहिलं.

सिनेमा संपला. पुरुषोत्तमने विचारलं, "कसा वाटला आजी?"

"बराय," आजी म्हणाल्या. "कामही चांगलं केलं तिनं. पण तिची घागर रिकामी होती. चालीवरून समजते."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"माही भरून होती."